चौथा दगड

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईशपथ. हवं तर ताटावर हात ठेवून सांगतो.

म्हणजे... डोंगर खरा आहे. डोंगरावरचा मठ खरा आहे, त्याचा पत्रा गळतो तेही खरं. लुमाजीबुवा होते याचा पुरावा म्हणजे त्यांची म्हैस, ती अजून आहे. बाकीचं ज्यानं मला सांगितलं त्यानंही शपथ घेतली होती. घेताना हसत होता, एवढंच.

आपण असं करू. जेवणं झालीत, हात वाळलेत, तरी कुणी उठत नाहीये. तेवढ्यात तीन गोष्टी कबूल करून टाका, म्हणजे मधेमधे अडवायला नको.

एक, डोंगर आहे. दोन, डोंगरावर बुवा आहेत. तीन, ज्यानं खाल्लं त्यानं घासायचं.

तिसरी उगाच घातलीय. दोनच बऱ्या दिसत नव्हत्या.

कबूल? माना हलवा. झालं.

"बिंदू म्हणजे काय?"

मठाच्या उंबऱ्यात उभं राहून हेरंब उकिडवे विचारत होता. नमस्कार नाही, चप्पल काढणं नाही. पाठीवर पिशवी, पिशवीत चार किलोचा शब्दकोश, आणि पोटात दोन दिवस काही नाही.

लुमाजीबुवा पावटे सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग सोलली. दाणे बघितले. पातेल्यात टाकले.

"कुठला?"

"कुठला म्हणजे? कुठलाही."

"कुठलाही मला माहीत नाही," बुवा म्हणाले. "बस."

हेरंब बसला नाही. तो सातवीला भूमिती शिकवायचा. विद्यापीठाचं सुवर्णपदक होतं, आणि ते गळ्यात घालत नसला तरी चालायचा तसाच. त्याचा एक नियम होता. ज्याची व्याख्या नाही ते मानायचं नाही. या नियमापायी त्याचं एक लग्न मोडलं होतं, दोन भाड्याची घरं सुटली होती, आणि शेजारी त्याला 'कसा आहेस?' असं विचारायचे बंद झाले होते.

परवा वर्गात त्यानं पहिला धडा काढला. फळ्यावर लिहिलं, 'ज्याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही, तो बिंदू.'

दुसऱ्या बाकावरच्या रेणू ढवळेनं हात वर केला.

"सर, माझ्या भावाची अक्कल पण बिंदू आहे का?"

"काय?"

"नाही, व्याख्येत बसते म्हणून विचारलं."

वर्ग हसला. हेरंब हसला नाही, कारण खरंच बसत होती. मग मागून कुणी म्हणालं, सर, मधली सुट्टी पण बसते. कुणी म्हणालं, वास पण. घंटा होईपर्यंत त्या व्याख्येत भूक, शिट्टी आणि मुख्याध्यापकांचा राग एवढं सगळं बसलं. बिंदू बसायला जागा राहिली नाही.

हेरंबनं खडू ठेवला. भर वर्गात हात वर करून म्हणाला, "बिंदूची खरी व्याख्या मिळेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. सोमवारपर्यंत मिळाली नाही तर राजीनामा."

राजीनामा लिहून खिशात होता. आज शनिवार होता. पाणी तो पीत होता, कारण पाण्याची व्याख्या होती.

"मी अकरा जणांना विचारून आलो," तो बुवांना म्हणाला. "प्राध्यापक, शास्त्री, एक कीर्तनकार. कुणाला येत नाही. खालच्या गावात म्हणाले, तुम्हाला विचारा. तुम्ही मोजणी खात्यात होता."

"एकतीस वर्षं साखळी ओढली," बुवा म्हणाले. "शेत कसंही वाकडं असू दे. त्रिकोण पाडायचे, मोजायचे, बेरीज करायची."

"मग सांगा ना. बिंदू म्हणजे काय?"

"आधी तू सांग."

"ज्याला लांबी, रुंदी..."

"थांब. लांबी म्हणजे?"

"दोन बिंदूंमधलं अंतर."

बुवांनी शेंग सोलली.

हेरंबच्या लक्षात यायला तीन शेंगा लागल्या. तो मटकन पायरीवर बसला.

तेवढ्यात मागून गजराबाई आली, डोक्यावर टोपलं, टोपल्यात तांदूळ आणि मिरच्या. बुवांच्या म्हशीची धार ती काढायची, आणि बुवांना काय करायचं तेही तीच सांगायची. तिनं हेरंबकडं बघितलं.

"ह्यो कोन?"

"मास्तर आहेत," बुवा म्हणाले. "दोन दिवस जेवले नाहीत. लांबी-रुंदी नसलेली वस्तू शोधतायत."

गजराबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"मग लांब कशाला आला? रुंदी तर गेलीच हाय. आनखी चार दिस राहू दे, लांबी पन जाईल."

असं म्हणून तिनं त्याची पिशवी ओढली, शब्दकोश काढला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर बसून पावटे सोलायला घेतले.

"मावशी, तो शब्दकोश आहे."

"असू दे. चांगला हाय. गार लागत नाही."

"त्यात सगळ्या शब्दांचे अर्थ आहेत."

"आनी अर्थ कशात सांगितलेत?"

"शब्दांत."

गजराबाईनं बुवांकडं बघितलं. बुवांनी गजराबाईकडं बघितलं. दोघं पावटे सोलत राहिले.

ऊन डोक्यावर आलं तशी बुवांनी कुडत्यावरची टरफलं झटकली.

"मास्तर, चूल मांडा. आतली म्हशीनं पाय देऊन मोडली. कुंपणापाशी दगड आहेत."

"मी जेवणार नाही, बुवा. माझं व्रत आहे."

"तुला कोण वाढतंय? चूल मांड म्हटलं."

आता चूल मांडणं म्हणजे भूमितीच. हेरंबला जरा बरं वाटलं. घरी त्याच्या गॅसच्या शेगडीला चार दांड्या होत्या, म्हणून त्यानं चार दगड निवडले. साधे नाहीत. खिशातली टेप काढून एकेक उंची मोजली, तासाभरात चार सारखे मिळवले. मग सुतळी घेतली, तीन वीत, चार वीत, पाच वीत अशी ताणली आणि पहिला काटकोन धरला. मग दुसरा. मग कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परवापासून पहिल्यांदा रंग आला.

"चौरस," तो म्हणाला. "सिद्ध करून देऊ शकतो."

गजराबाईनं वर पातेलं ठेवलं.

पातेलं डुगडुगलं.

"चौरसात काही चूक नाही," हेरंब म्हणाला.

"चौरस हलत नाहीच," गजराबाई म्हणाली. "पातेलं हलतंय."

त्यानं पुन्हा मोजलं. एक दगड गव्हाएवढा फिरवला. पातेलं दुसऱ्या बाजूला डुगडुगलं. फिरवला, डुगडुगलं. शेवटी त्यानं इकडंतिकडं बघितलं, खिशात हात घातला, राजीनामा काढला, त्याची आठपदरी घडी केली आणि चौथ्या दगडावर पातेल्याच्या बुडाखाली खुपसली.

पातेलं क्षणभर थांबलं.

मग डुगडुगलं.

लुमाजीबुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चुलीजवळ आले. एक हात पातेल्याला लावला, आणि पायानं चौथा दगड बाजूला ढकलला. राहिलेल्या तिघांना अंगठ्यानंच जरा जवळ सरकवलं. टेप नाही, सुतळी नाही.

हात काढला.

...

पातेलं गप्प.

गजराबाईनं वरून हंडाभर पाणी ओतलं. गप्प. तांदूळ टाकले, पावटे टाकले. गप्प. खाली पडलेली कागदाची घडी उचलून तिनं काडी लावली आणि चुलीत सारली.

"कसला कागद हुता?"

हेरंबनं जळणारा राजीनामा बघितला.

"काही नाही," तो म्हणाला.

बुवा परत जागेवर येऊन बसले. "का हलत नाही, मास्तर?"

हे त्याला येत होतं. तो ताठ झाला.

"एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं. पातेल्याचं बूड म्हणजे प्रतल. तीन दगडांवर ते बसतंच. चौथा आला की तो त्याच प्रतलात असायला हवा, आणि केसाएवढा फरक राहतोच."

"कुणी सिद्ध केलं?"

"चौथ्याचं? तिघांवरून सिद्ध होतं."

"आणि तिघांचं?"

"ते गृहीतक आहे. ते सिद्ध करत नाहीत. तिथून सुरुवात करतात."

"हां," बुवा म्हणाले. मग जरा थांबून, "तीन काय म्हणालास?"

"तीन बिंदू."

"बिंदू म्हणजे?"



खिचडीला पहिली उकळी आली. पावट्यांचा वास सुटला. दोन दिवसांच्या पोटानं आतून असा आवाज काढला की बाहेर म्हशीनं ओ दिली.

"दुसरं सांग," बुवा म्हणाले. "चार काठ्या टोकाला बांधल्या, जरा ढकलल्या, की लोळतात. तीन बांधल्या की म्हैस टेकली तरी आकार सोडत नाहीत. का?"

"तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो."

"कुणी सांगितलं?"

"हे सिद्ध होतं."

"कशावरून?"

"त्याच्या आधीच्या प्रमेयावरून."

"आणि ते?"

"त्याच्या आधीच्यावरून."

"आणि सगळ्यात आधीचं?"

"ते..." हेरंबनं चुलीकडं बघितलं. "ते धरून चालतात."

"कोण?"

"सगळेच."

"तूही?"

गजराबाईनं फोडणी दिली. मिरचीच्या ठसक्यानं तिघंही शिंकले, आणि त्या वेळी तिथं कुणाला काहीही सिद्ध करता आलं नसतं.

मग तिनं तीन पत्रावळी मांडल्या. तिन्हींवर वाढलं. खिचडीवर म्हशीचं तूप सोडलं, बाजूला कच्चा कांदा फोडून ठेवला. तिसरी पत्रावळ हेरंबसमोर सरकवली.

"मावशी, मी सांगितलं ना. माझं व्रत आहे."

"व्रत म्हणजे काय?" बुवांनी विचारलं.

घास कालवता कालवता. सहज.

"म्हणजे... स्वतःला दिलेला शब्द."

"शब्द म्हणजे?"

"अक्षरांचा अर्थपूर्ण समूह."

"अर्थ म्हणजे?"

"शब्द ऐकून जे कळतं ते."

"शब्द म्हणजे?"

"आता परत अक्षरं येतील," गजराबाई म्हणाली, तोंडात कांदा. "मी हिथंच बसलेय, येऊ द्या."



"व्याख्या नाही?" बुवांनी विचारलं.

"...नाही."

"तुझा नियम काय?"

"ज्याची व्याख्या नाही ते मी मानत नाही."

"व्रताची व्याख्या नाही."

"नाही."

"मग तू व्रत मानत नाहीस."

"नाही... म्हणजे..."

"मग जेव."

हेरंबनं डोळे मिटले. सुवर्णपदकाचं डोकं होतं, दोन दिवस उपाशी असलं तरी चालत होतं. तो दुसऱ्या बाजूनं गेला.

"आणि समजा, मी म्हटलं की व्याख्या नसली तरी मी व्रत मानतो?"

"तर व्याख्या नसलेलं एक मानलंस. नियम मोडला. नियमावर व्रत उभं होतं. तेही पडलं."

"मग?"

"मग जेव."

"म्हणजे मानलं तरी जेवायचं आणि नाही मानलं तरी जेवायचं?"

"खिचडी गार झाली तर मात्र वेगळं प्रमेय लागेल," बुवा म्हणाले.

हेरंब हसायला लागला.

आधी नाकातून. मग खांदे हलले. मग तो मागं भिंतीला टेकून एवढा हसला की पत्र्यावरची दोन कबुतरं उडाली. दोन दिवस उपाशी राहून तो काय पाळत होता, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. आणि पाळत तर होता, कडक पाळत होता! व्याख्या न विचारता!

"हसतोय का ह्यो?" गजराबाईनं विचारलं.

"भूक," बुवा म्हणाले.

मग तो जेवला. कसा जेवला ते सांगत नाही, तुम्ही आत्ताच जेवलायत, तुम्हाला माहीत आहे. चार वेळा घेतलं. चौथ्यांदा गजराबाई म्हणाली, "आता रुंदी आली." पाचव्यांदा पातेल्यात खरवड तेवढी राहिली होती, तीही त्यानं उलथन्यानं काढली.

हात धुऊन त्यानं ढेकर दिली, आणि मग त्याला सोमवार आठवला.

"बुवा, बिंदूची व्याख्या राहिलीच."

बुवा पानाला चुना लावत होते.

"ती मुलगी विचारणार. रेणू. वर्ग हसणार. मी काय सांगू?"

बुवांनी पान दुमडलं. चुलीकडं बघितलं. तीन दगड, मधे राख, वर रिकामं पातेलं. पातेल्याला हात लावून बघितला. हललं नाही.

"आज किती गोष्टी कबूल केल्यास?"

"तीन दगड पुरतात," हेरंब म्हणाला. "पहिलं धरूनच चालतात. आणि..."

"आणि?"

"खिचडी चांगली होती."

"मोज नीट. सगळ्यांच्या आधीची एक कबूल करायची राहिली." बुवांनी पान तोंडात टाकलं. "ज्यानं खाल्लं त्यानं घासायचं. ही सिद्ध करू, की धरून चालू?"

हेरंबनं पातेल्याकडं बघितलं. बाहेरून काळं, आतून करपलेलं, कडेला तुपाचा थर. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. सिद्ध करता येईल का? कशावरून? त्याच्या आधीचं काय?

"धरून चालू," तो म्हणाला.

त्यानं घासलं. राखेनं, नारळाच्या शेंडीनं, कोपरापर्यंत काळा होऊन. गजराबाईनं दोनदा परत पाठवलं. सुवर्णपदकासाठी त्यानं एवढं कधी घासलं नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा पातेल्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते हसत होतं.

सोमवारी सातवीच्या वर्गात तो गेला. शब्दकोश नव्हता. तो गजराबाईनं ठेवून घेतला, धार काढताना बसायला. हातात तीन दगड होते.

रेणू ढवळेचा हात तयारच होता.

"सर, मिळाली का? बिंदू म्हणजे काय?"

वर्ग हसायच्या तयारीत पुढं झुकला.

"माहीत नाही," हेरंब म्हणाला.

वर्ग हसायचं विसरला.

"कुणालाच माहीत नाही. धरून चालू. तू मला तीन दे, मग बघू त्यांच्यापासून काय काय निघतं."

रेणू फळ्याजवळ आली. खडू घेतला. सरांकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं. आणि तीन ठिपके दिले. एका सरळ रेषेत, एकाखाली एक, अगदी पट्टी लावल्यासारखे.

"घ्या सर," ती म्हणाली. "काढा त्रिकोण."

आता बघा, गुरुवारचा हेरंब असता तर खडू ठेवून दुसरा राजीनामा लिहिला असता. या हेरंबनं तीन दगड टेबलावर एका रांगेत मांडले, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि हात काढला. तांब्या कलंडला, पाणी पहिल्या दोन बाकांवर, रेणूच्या वहीसकट. वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. आणि त्यांनी बघितलं ते असं, की सगळ्यात मोठ्यानं उकिडवे सर हसतायत.

"सर, पुसणार कोण?" रेणूनं विचारलं.

"ठिपके कुणी दिले?" सरांनी विचारलं.

तिनं पुसलं. पुसता पुसता मधला दगड तिनंच बोटानं थोडा बाजूला सरकवला. तांब्या पुन्हा ठेवला. हात काढला.

...

त्या वर्षी सातवीतलं एकही पोर भूमितीत नापास झालं नाही. शेवटच्या बाकावरचा रेणूचा भाऊसुद्धा.

झाली गोष्ट.

आता कुणी म्हणेल, खरी कशावरून? तर पहिल्या दोन कबूल केल्यात तेव्हा कुणी काही बोललं नाही. डोंगर मान्य, बुवा मान्य. तिसरीलाही माना हलल्या होत्या, मी मोजल्यात. पाच. त्यातली एक झोपेनं हलली असेल, तीही धरतो.

ताटं माझं धरून सहा आहेत. पातेली दोन, वर एक तवा. मी खिचडीचा शेवटचा घास तुमच्याआधी संपवला आणि गोष्ट सांगितली, म्हणजे माझा वाटा झाला. तुमचा राहिला. हेरंबनंही त्या दिवशी पातेलं हातात धरून, जरा लाडात येऊन, बुवांना विचारलं होतं, "बुवा, घासायलाच लागेल का हो?" त्यावर बुवा जे म्हणाले तेच मी तुम्हाला म्हणतो, माझं त्यात काही नाही...

"राख चुलीत आहे. शेंडी कोपऱ्यात. ऊठ."